कासव रोज संध्याकाळी येतो

"दादा, सही करायच्या आधी एकदा माझं ऐक," ताई म्हणाली.

"ऐकून ऐकून कान किटले गं. आता पुरे." दादानं चष्मा काढून डोळे चोळले.

गेम कन्सोल बनवणारी ही कंपनी या दोघा भावंडांनी उभी केली होती. किंमत उतरवून झाली, नवे खेळ आणून झाले, जाहिरातींचा धुरळा उडवून झाला. बाजारातल्या त्या अव्वल कंपनीपुढे यांची डाळ काही शिजली नाही. आज तिचे मालक स्वतःच समोर बसले होते, ही कंपनी विकत घ्यायला.

"कंपनी घ्या," ताई पाहुण्यांकडे वळली. "पण आमचं ऑनलाइन खेळायचं नेटवर्क बंद करू नका. तुमचं नवं कन्सोल आलं की जुने खेळ अडगळीत जातात. आमच्याकडे पहिल्या कन्सोलवरचा खेळ आजही चालतो. लढायचं तर याच जोरावर लढू, म्हणून मी दादाच्या कधीची कानीकपाळी ओरडतेय!"

"पण खेळतंय कोण?" पाहुण्यांनी जांभई दाबली. टेबलावरचा कंट्रोलर त्यांनी सहज उचलला आणि बोलता बोलता उडीचं बटण दाबत बसले. टक, टक. पहिल्या मॉडेलच्या वेळी ते बटण चुकून खालच्या बाजूला बसलं आणि पुढे तसंच राहिलं. नवखा माणूस ते शोधताना अगदी मेटाकुटीला यायचा.

"कासव खेळतो."

दादानं कपाळावर हात मारला. "झालं! निघालं हिचं कासव!"

"नेटवर्कवरचं नाव आहे ते. खरं नाव मला ठाऊक नाही. रोज संध्याकाळी माझ्याशी शर्यत लावतो. बाकीचे तुमच्याकडे गेले, हा नाही गेला. उद्या नेटवर्क बंद झालं तर बिचारा जाईल कुठे?"

पुढचं तिनं सांगितलं नाही. नवरा गेल्यापासून घर खायला उठायचं. कासव शर्यत हरला की पडद्यावर लिहायचा, 'हरलो नाही. दमलो.' तेवढं वाचून ती रिकाम्या घरात एकटीच हसायची. त्या हसण्यावरच तिचा दुसरा दिवस निघायचा.

टकटक थांबली होती. "एका गिऱ्हाइकासाठी एवढं?" पाहुण्यांनी विचारलं.

"हो, एकासाठीच. हसा हवं तर."

पाहुणे हसले नाहीत. त्यांनी पेन काढलं, करारात हातानंच एक ओळ वाढवली, सही केली आणि कागद पुढे सरकवला. नेटवर्क चालू राहील, असं त्यात लिहिलं होतं. दादानं ती ओळ वाचली. मग त्यानंही सही केली.

ताईचे डोळे भरून आले. उभा जन्म ज्यात घातला ती कंपनी गेली होती, आणि जिंकणाऱ्याच्या दयेनं एवढंच काय ते पदरात पडलं होतं.

"शेवटी हरलोच आम्ही," ती म्हणाली.

पाहुण्यांनी कंट्रोलर जपून जागेवर ठेवला आणि ते उठले. दाराशी पोचल्यावर मागे वळून म्हणाले, "हरला नाहीत. दमलात."