जपानचा फोन

कपाटाला किल्ल्या तशाच लटकत होत्या. रुचिकानं त्यांच्याकडं पाहिलं आणि कान जिन्याकडं लावले. खाली दुकानात तिचा नवरा राजेश्वर गिऱ्हाइकाला पाण्याच्या मोटारीचा दर सांगत होता. कस्टमची पावती ठेवायला त्यानं कपाट उघडलं होतं आणि खालून हाक आली तसा तो तडक उतरून गेला होता. लग्न झाल्यापासून कपाट असं उघडं टाकून तो कधी गेला नव्हता.

महत्त्वाचे कागद एका जागी असावेत म्हणून तिची बी.एड.ची गुणपत्रिकाही त्यात जाऊन पडली होती. मागितली की तो विचारी, कशाला पायजे? आणि त्यावर तिच्याकडं उत्तर नसे. आज उत्तर होतं, पण त्याला सांगण्यासारखं नव्हतं. बीडच्या एका क्लासला गणित शिकवायला बाई हवी होती. मैत्रीण मनिषा तिथंच शिकवायची. परवा एका लग्नात भेटली तेव्हा म्हणाली होती, गुणपत्रिकेचा फोटो तेवढा पाठव, बाकीचं मी बघते. काम पक्कं झालं की सासऱ्यांपुढं विषय काढायचा, असं रुचिकानं ठरवलं होतं. अण्णाराव कडक होते, पण घरात चालून येणाऱ्या पगाराला एकदम नको म्हणणाऱ्यातले नव्हते.

अडलं होतं ते फोनापाशी. तिचा जुना फोन दिवाळीत बंद पडला, तेव्हापासून ती सासूच्या बटणाच्या फोनवरून माहेरी बोलायची. नवा आज सकाळी आला. राजेश्वरनं तो जपानहून मागवला होता. तिथलं दुकान भारतात माल पाठवत नव्हतं, म्हणून त्यानं माल पुढं धाडणारी एक कंपनी शोधून काढली. कंपनीनं त्याला तिथला एक पत्ता दिला. फोन आधी त्या पत्त्यावर गेला, तिथं पुन्हा बांधला गेला, मग मुंबईला कस्टममध्ये अडकून पडला आणि सुटून एकदाचा वडवणीला पोचला. बीडला असले फोन ढिगानं मिळतात, एवढा खटाटोप कशाला, असं अण्णारावांनी विचारलं तर राजेश्वर नुसता हसला. रुचिका मात्र सुखावली होती. आपल्यासाठी कुणी एवढं करतंय, हे तिला नवीन होतं.

तिनं गुणपत्रिका काढून पलंगावर पसरली. व्हॉट्सअ‍ॅप अजून उतरत होतं. पण फोटो आत्ताच काढून ठेवायला हवा होता, पाठवणं मागाहून जमलं असतं. तिनं बटण दाबलं.

कात्रीनं पत्रा कापावा तसा आवाज खोलीभर झाला.

खाली दराची बोली थांबली. फोटो काढलास काय, असं राजेश्वरनं तिथूनच विचारलं. हो म्हणण्यावाचून इलाज नव्हता. येतो बघायला, असं म्हणून तो गिऱ्हाइकाला बसायला सांगू लागला. रुचिकानं गुणपत्रिका फायलीत घातली, कपाट लोटलं, फोटो पुसून टाकला. आता दाखवायला काहीतरी हवं. तिनं आवाजाचं बटण दाबून दाबून पार तळाला नेलं आणि देव्हाऱ्याचा फोटो काढला. आवाज तेवढाच झाला.

राजेश्वर वर आला. देव्हारा पाहून खूश झाला. समईची वातसुद्धा कशी मोजून घ्यावी अशी आलीय, म्हणाला. तेवढ्यात शांतादेवी पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. सुनेच्या नव्या वस्तूचं त्यांनाही अप्रूप होतं.

"मला तर दोनदा वाजल्यालं ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "दुसरा माझा काढलास काय गं?"

राजेश्वरनं फोनवर बोट फिरवलं. पुढं काही नव्हतं, मागंही काही नव्हतं. मग त्यानं पुसलेले फोटो जिथं जाऊन पडतात ती जागा उघडली. गुणपत्रिका तिथं होती. तिचं माहेरचं नाव, गणिताचे गुण, कोपऱ्यात पलंगाच्या चादरीची फुलं.

तो ओरडला नाही. आईला म्हणाला, तू जा, दूध उतू जाईल. शांतादेवी दोघांच्या तोंडाकडं पाहत आत गेल्या. त्यानं रुचिकाला, फोटो कुणाला पाठवायचा होता, असं विचारलं. तिनं पलंगाची चादर सारखी केली. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

"आवाज बंद करायला गेली असशील," तो म्हणाला. "होत न्हाई. जपानात लोक बायकांचे चोरून फोटो काढायचे. म्हणून तिकडल्या फोनचा आवाज बंदच होत न्हाई. मी समदं वाचून मगच मागवला."

"म्हणजे बाईला कळावं म्हणून?"

"हां. बायकांच्या सुरक्षेसाठी हाय ते."

"मग हितं कुणाला कळावं म्हणून आणला?"

राजेश्वरनं तिच्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच ती असं काही बोलत होती. मग त्यानं फोनमधली गुणपत्रिका कायमची पुसली, कपाटाला कुलूप घातलं, दार ओढून पाहिलं आणि किल्ल्या खिशात टाकल्या. खालून गिऱ्हाईक हाका मारत होतं.

फोन तो घेऊन जाईल असं तिला वाटलं होतं. तशी तिनं मनाची तयारीही केली होती. पण त्यानं तिचा हात धरला, तळवा उघडला आणि फोन त्यावर ठेवला.

"घे," तो म्हणाला. "पार्सल तुझ्याच नावानं मागवलंय."