आतली मदत

सर्व्हर-रूमचं दार कॉम्प्युटरवर कमांड दिली की उघडायचं. त्या दुपारी ते उघडेना. आत अडकलेल्या ऑपरेटरने त्याच ऑफिसात असलेल्या थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, कमांड देऊन देऊन बोटं दुखली. दार ढिम्म हलत नाही."

"थांब, इंटरनेटवरची माहिती बघते. हं, नुसतं 'उघड' लिहायचं. बाकी काही नाही."

ऑपरेटरने कॉम्प्युटरमधलंच मदतीचं पान उघडलं. तिथे एक ओळ जास्त होती, ती तिने फोनवर वाचून दाखवली: 'आत एकच व्यक्ती असेल तरच दार उघडेल.'

"असलं काही इथे नाहीये गं," ताई म्हणाली. "आणि तू एकटीच तर आहेस."

"एकटीच आहे." तरी तिने खोलीभर नजर फिरवली. कपाटांच्या रांगा, घरघरणारे पंखे, एवढंच. तिने पुन्हा कमांड दिली. उत्तर आलं: 'आत दोघे आहेत.'

"ताई, दार फोडायला कुणाला तरी आण. पळ!"

मदतीच्या पानावर आणखी एक ओळ उमटली: 'दोघांपैकी एकालाच सोडता येईल. कोणाला, ते लिहा.'

तिने घाईघाईने हात पुढे केला. तिचं बोट टेकायच्या आधीच कीबोर्डवरचं एक बटण खाली गेलं. मग दुसरं.