खासदार त्सुबोई यांचा पहिला प्रश्न

कोपराची दुसरी ढुसणी बरगडीत बसली तेव्हा खासदार त्सुबोई जागे झाले. समोर मंत्रिमहोदय हातातल्या कागदाची घडी घालून खाली बसत होते. सगळं सभागृह त्सुबोईंकडे बघून हसत होतं.

"काय झालं?" त्यांनी शेजारच्या काजिवारांना विचारलं.

"तुमचा प्रश्न झाला," काजिवारा म्हणाले. खासदारकीत त्यांचे केस पिकले होते. "उत्तरही झालं. अहो त्सुबोईसान, झोपायचं असतं ते दुसऱ्याच्या प्रश्नाला. आपल्या नाही!"

टोकियोच्या संसदेत डुलकीचं कुणाला नवल नाही. पण स्वतःच्या प्रश्नाला झोपलेला सभासद काजिवारांनीही कधी पाहिला नव्हता. तिथली पद्धत अशी, की आदल्या दिवशी मंत्रालयाचा माणूस सभासदाचा प्रश्न लिहून घेतो, म्हणजे मंत्र्यांचं उत्तर आधीच लिहून ठेवता येतं. आज अध्यक्षांनी त्सुबोईंचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. उत्तर तर तयार होतं. ते फुकट कशाला घालवा, म्हणून मंत्र्यांनी वाचून टाकलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमच्या गावाची झोप उडाली आहे याला काही पुरावा नाही."

"आणि मी?"

"तुम्ही घोरत होतात. माइक चालू होता."

उरामिने गावाने त्सुबोईंना या एका कामासाठी निवडून दिलं होतं. डोंगरापलीकडे मालवाहू विमानांचा तळ झाल्यापासून विमानं रात्रभर कौलांना घासून गेल्यासारखी जात. टोकियोकरांना सकाळी दारात पार्सल हवं असे. पोरं शाळेच्या बाकावर माना टाकत. टोफूवाल्याने पेंगता पेंगता सुरीने बोट कापून घेतलं होतं. त्सुबोईंचं गाद्यांचं दुकान. लोक रडकुंडीला येऊन मऊ गादी मागत, त्याहून मऊ मागत, आणि लाल डोळे घेऊन परत येत. शेवटी महिला मंडळाच्या हत्सुए आजींनी फर्मान काढलं, "शिगेरु, तू उभा राहा. तुझ्या गाद्यांनी काही झालं नाही, आता तोंडाने काही होतंय का बघू." आणि आज सगळं गाव समाजमंदिरात टीव्हीसमोर बसलं होतं.

"माननीय सभासदांना पुरवणी प्रश्न विचारायचा आहे का?" अध्यक्षांनी विचारलं. आवाजात खोडी होती.

त्सुबोई उठले. महिनाभर पाठ केलेलं भाषण डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. त्यांनी कमरेतून इतकं वाकून नमस्कार केला, की कपाळ माइकवर आपटलं.

"माफ करा," ते म्हणाले. "मी आज पहाटेच्या गाडीने गावाहून आलो. इथे फारच शांत आहे हो."

हशा थांबला. मंत्र्यांनी घडी घातलेला कागद पुन्हा उघडला, पाहिला आणि घाईघाईने खिशात कोंबला. पत्रकारांच्या सज्जात पळापळ झाली. त्सुबोईंना वाटलं, आपण आता हसण्याच्याही लायकीचे राहिलो नाही. बाहेर पडल्या पडल्या त्यांनी फोन बंद करून टाकला.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या गाडीने गावी निघाले. हातात लाल घेवड्याच्या वड्यांचे खोके होते, दगडासारखे जड. माफीला हलकी मिठाई चालत नाही. हाताला रग लागली, तरच समोरच्याला पश्चात्ताप पटतो. वाटेत त्यांनी राजीनाम्याची वाक्यंही जुळवून ठेवली.

उरामिनेच्या स्टेशनावर घ्यायला कुणी आलेलं नव्हतं. उन्हं चांगली वर आली होती, पण बाजारात एकही दुकान उघडं नव्हतं. केशकर्तनालय बंद. पोस्ट बंद. वादळातही पहाटे उघडणारा टोफूवाला, त्याचीसुद्धा फळी खाली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पूर्वी गावाने एका सरपंचाला वाळीत टाकलं होतं, पण तेव्हासुद्धा टोफू मिळत होता.

जड पावलांनी ते हत्सुए आजींच्या दारापुढे जाऊन उभे राहिले. खोके खाली ठेवले. कमरेतून वाकले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा खड्या आवाजात ओरडले, "त्सुबोई शिगेरु आलाय! माफी मागायला आलाय!"

ते आणखी वाकले आणि आणखी मोठ्याने ओरडले.

वरच्या मजल्याची खिडकी सरकली. आजींचे केस पिंजारलेले होते आणि गालावर उशीचा वळ उमटला होता.

"हळू बोल, मेल्या!" त्या दबक्या आवाजात खेकसल्या. "तुझं ते घोरणं रात्रीच्या बातम्यांत देशभर वाजलं. मंत्र्याच्या उत्तरासकट! विमान कंपनीने लाजेकाजेस्तव कालपासून रात्रीची विमानं बंद केली. वर्षाने डोळा लागलाय सगळ्यांचा. माफी दुपारी माग."

खिडकी आवाज न करता बंद झाली.

त्सुबोई हळूच सरळ झाले. मग खासदारसाहेबांनी पायातले बूट काढले, काखेत मारले, आणि पहिल्या प्रश्नानंतरचा मतदारसंघाचा पहिला दौरा चवड्यांवर पूर्ण केला.