आखाजीचा झोका

एकाचे कर्तव्य दुसऱ्याच्या मायेआड उभे राहते, तेव्हा दोष कोणालाच देता येत नाही. जळगावच्या उद्यानातील शतायुषी निंबांच्या रांगेखाली आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी मोतीलालआबा दोर घेऊन येरझारा घालत होते. त्यांच्या अंगणातला निंब रस्तारुंदीकरणात गेलेला. लग्नानंतर प्रथमच सणाच्या झोक्यासाठी माहेरी आलेल्या त्यांच्या लेकीला, किरणला, जावई दुपारीच सासरी सावद्याला नेणार होते. “भाऊ, पोरनी आखाजी झोकाबिगर कशी?” त्यांनी रखवालदाराला विनवले. “आबा, नायलॉनच्या दोरानं साल सोलवटते. पिढ्यांनी जपलेली झाडं आहेत,” तो म्हणाला. जावई येतील म्हणून आबा फाटकाकडे पाहू लागले. शेजारीच उभ्या किरणने पिशवीतली, आखाजीला मिळालेली नवी साडी घडी करून पुढे केली. “ही दोरखाले घाला.” “अवं, फाटी जाई ती,” आबा कळवळले. “निंबबी माहेरनाच शे, आबा.” रखवालदाराने फांदीवर चढून साडी गुंडाळली, दोर बांधला. किरणचा झोका पानांना भिडला. लेक, बाप आणि रखवालदार, तिघांवर ही सावली अखंड राहो.