बीट हळू कर

वीस वर्षांनी नव्या अल्बमसाठी जुनंच गाणं पुन्हा म्हणताना राजरत्न पहिल्या ओळीलाच अडखळला. एके काळी पिंपरीच्या वस्तीत त्याच्याइतका वेगवान रॅपर नव्हता. चाकू, टोळ्या, पोलीस, सगळं त्याच्या गाण्यात एका दमात यायचं. लकव्याने आता जीभ जड झाली होती.

पाचव्यांदा अडकल्यावर हेडफोन काढून तो गाण्यातल्या जुन्या जोडीदाराला म्हणाला, "फिरोज, तू एकटाच कर. आजची पोरं हसतील मला."

रेकॉर्डिंग करणारी मुलगी म्हणाली, "सर, कम्प्युटर तुमचा जुना आवाज तयार करेल. हल्ली सगळेच करतात."

"नको. बीट हळू कर," फिरोज म्हणाला. "अजून हळू." त्याने राजरत्नच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि शेजारीच उभा राहिला. "लागेल तेवढा वेळ घे, भावा."

राजरत्न एकेक शब्द जपून म्हणत गेला. मारामाऱ्यांत गेलेल्या मित्रांची नावं पूर्वी तो झरझर घ्यायचा. आज प्रत्येक नावापाशी थांबला.

तो बाहेर आला तेव्हा बायको काचेजवळ उभी होती. तिने त्याचा हात धरला.

"इतकी वर्षं हे गाणं ऐकतेय," ती म्हणाली, "पण यात माझ्या दादाचंही नाव आहे, हे आज कळलं."