न तुटणारा आकडा

तेलगावला पोराचं वऱ्हाड घेऊन आलेल्या सुंदरराव देशमुखाला जेवणाच्या सगळ्या पंगती सारख्या पाहिजे होत्या. एकही तोकडी चालणार नव्हती. माणसं भरली दोन हजार पाचशे एकवीस. निजामाच्या शाळेतल्या सिद्धलिंग मास्तरांनी मातीत काटकीनं भागाकार करकरून पाहिले आणि हरखून म्हणाले, “सरकार, ही मूळ संख्या हाय, कशानंच भाग जात न्हाई. पन एक मानूस कमी केलं, तर दोनापासून धापर्यंत कशानंबी जातो.”

“मंग त्यात काय,” देशमुखानं तिथंच तंबाखूची पिंक टाकली. “रामकिसन, ऊठ बे तू.”

मास्तरांना त्या पिंकेपेक्षा आपल्याच हुशारीची शिसारी आली.

 

ज्याच्या घरचं सगळे जेवणार होते, तो नवरीचा बाप हात जोडून पानावरून उठत होता.