फुंकणी

लिफ्ट बंद होती आणि छातीचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. चंपतरावांना खोकला आला तो नेमका जिन्याच्या वळणावर. ते कठडा धरून थांबले, तशा मागून येणाऱ्या त्यांच्या पत्नी सुभद्राबाईही थांबल्या.

"पाहा, दोन पायऱ्या चढणं होत नाही तुमच्यानं," पदरानं घाम पुसत त्या म्हणाल्या. "आन् मले म्हणता, काही झालं नाही."

"तू बस वं जराशी. मंग चढू."

महिनाभर हेच चाललं होतं. काटोलच्या बाजारात, संत्र्याच्या बागेत, देवळाच्या चढावर; दोघं बरोबर निघाले की चंपतरावांना ढास लागायची आणि बसावं लागायचं. त्यातच आठ दिवसांपूर्वी ते संत्र्याच्या कामाला म्हणून नागपूरला जाऊन आले आणि घरात शिरताच त्यांनी बिडीचं बंडल चुलीत टाकलं. जन्मभर भांडून जे जमलं नव्हतं ते आपोआप झालेलं पाहून सुभद्राबाईंना आनंद व्हायचा, तर उलट संशयच आला. माणूस काहीतरी लपवतोय. स्वतःसाठी दवाखान्याचं नाव काढलं की अबोला धरणाऱ्या बाईंनी त्या दिवशी नागपुरातल्या धंतोलीच्या दवाखान्याचा धोशा लावला.

डॉक्टर अरुंधती तरुण होत्या. त्यांनी चंपतरावांना विचारलं, "सकाळी कफ पडतो?"

चंपतरावांनी बायकोकडे पाहिलं.

"कफ कोणाले नाही पडत?" सुभद्राबाई म्हणाल्या. "मले बी पडते. थंडीत तं माही छाती वाजते. म्हणून का मी बोंबलत फिरते? यांचं पाहा तुमी."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. मग यंत्राला जोडलेली एक नळी पुढे केली. दम भरून तिच्यात जोरात फुंकायचं होतं. चंपतराव खुर्चीसकट मागे सरले.

"मले भेव वाटते. आधी हिले करू द्या."

"फुंकणीले काय भ्यायचं?" सुभद्राबाईंनी नळी हिसकावलीच. "उभा जन्म चूल फुंकली मी. कापसाची ओली पळाटी पेटवली."

"फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून," डॉक्टर म्हणत राहिल्या. बाई लालबुंद झाल्या, पण दम मध्येच अडला. पडद्यावरची रेघ थोडी चढली आणि बसली.

"मशीन बिघडलं तुमचं."

"असेल," डॉक्टर म्हणाल्या. "हे औषध श्वासातून ओढायचं आणि थोडं थांबून पुन्हा फुंकायचं. तसं केल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही."

"पण पेशंट तं हे आहेत ना?"

"दाखवायचं तं पुरं दाखव," चंपतराव म्हणाले. "का दमली?"

दमली म्हटल्यावर सुभद्राबाई कसल्या ऐकतात. त्यांनी औषध ओढलं. थोड्या वेळानं दम भरला आणि त्या थबकल्या. इतकी हवा कित्येक वर्षांत छातीत गेली नव्हती. त्यांना एकदम हसूच आलं. चार बायकांत बसल्यासारख्या त्या खळखळून हसल्या आणि हसताना ठसकाही लागला नाही. चंपतराव त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

त्यांनी पुन्हा फुंकलं. डॉक्टरांनी दोन्ही रेघा शेजारी ठेवून पाहिल्या.

"धुरानं श्वासनळ्या आखडल्यात. झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही. पण औषध रोज घेतलं आणि धूर सोडला, तर चढ आरामात चढता येईल. अगदी वेळेवर आलात."

"ऐकलं?" सुभद्राबाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "बिडीचा धूर. बरं झालं मी आणलं तुमाले. चला, फुंका आता."

डॉक्टरांनी नळी काढून ठेवली.

"काकांनी मागच्या आठवड्यातच फुंकलंय, काकू. त्यांची छाती ठणठणीत आहे. मी तुमचं सांगतेय." मग त्या चंपतरावांकडे वळल्या. "काका, आता तुम्ही खोकणं बंद केलं तरी चालेल."